चौथा मजला रिकामा आहे

मंगळवारी सकाळी सव्वादहाला पेंग सू-च्यिन आपल्या खुर्चीत बसली होती आणि समोरचा पडदा सांगत होता की ती तिथे नाही. तसं शब्दांत काही लिहिलेलं नव्हतं. पडद्यावर ऑफिसच्या तिन्ही मजल्यांचा नकाशा होता, खुर्चीगणिक एक चौकोन. जी खुर्ची खूप वापरात ती गडद लाल, जी कमी ती गुलाबी, आणि जिच्यावर अकरा आठवड्यांत कुणी टेकलंसुद्धा नाही ती पांढरी. चौथा मजला, खिडकीकडची रांग, सत्तावीस नंबर: पांढरी. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वाकून टेबलाच्या कडेला चिकटवलेला आकडा वाचला. सत्तावीसच. सर्दीचे दोन दिवस सोडले तर ती रोज इथेच बसत आली होती. खरं म्हणजे बसायला नको होतं. नव्या योजनेप्रमाणे कुठलीच जागा कुणाची नव्हती, रोज मनाला येईल तिथे बसायचं होतं. पण तिच्या मनाला रोज सत्तावीसच येत होतं, त्याला ती काय करणार. आणि आता पडदा म्हणत होता, बाई, तुम्ही आलाच नाहीत. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मगातून चहाची वाफ निघत होती आणि ती वाफ नाकाला गरम लागत होती. एक्कावन्नाव्या वर्षी माणसाला आपण असल्याचा पुरावा शोधावा लागतो हे पाहून तिला आधी हसू आलं, आणि मग ती पडद्याजवळ सरकली, कारण पांढरा चौकोन एकटा नव्हता. शेजारचा अठ्ठावीस पांढरा होता, आणि तिथे शिपिंगचा जाडजूड फू बसून फोनवर कुणालातरी झापत होता. एकोणतीस पांढरा होता. तिने मोजले. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस.

कंपनी सायकलचे दिवे बनवायची. कारखाना ताइचुंगला, ऑफिस ताइपेत नेइहूला, भाड्याच्या इमारतीत चौथा, पाचवा आणि सहावा मजला. ऑगस्टमध्ये वेन साहेबांनी सगळ्यांची नेमून दिलेली टेबलं काढून घेतली. स्वतःची केबिनही पाडून टाकली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. प्रत्येक टेबलाखाली काड्यापेटीएवढी एक पांढरी डबी बसवली गेली. पुढ्यात माणूस बसला की त्याच्या अंगाची ऊब डबीला कळायची आणि तेवढा वेळ नोंदला जायचा. तीन महिने मोजायचं, आणि एखादा मजला ओस पडत असेल तर तो इमारतीच्या मालकाला परत करायचा. मोजण्याचं काम अर्थातच सू-च्यिनकडे आलं. सव्वीस वर्षं ती या कंपनीत आकडेच बघत होती. वेन साहेब बाहेरच्या लोकांना तिची ओळख करून देताना म्हणायचे, "ह्या पेंगबाई. ह्यांचा आकडा म्हणजे तपासायची गरज नाही." दर सोमवारी तिने मजलेवार सरासरी पाठवली होती: सहावा अठ्ठावन्न टक्के, पाचवा एकसष्ट, चौथा बावीस. अकरा आठवडे बावीसच्या आसपास. मालकाला द्यायचं पत्र तयार होतं. भाडेकरार आणखी तीन वर्षांसाठी वाढायच्या आधी, म्हणजे शुक्रवारी पाचच्या आत ते गेलं की चौथा मजला गेला, त्यावरची माणसं वरच्या दोन मजल्यांत दाटीवाटीने कोंबली गेली, दिवे तपासायची काळोखी खोली गेली, डबे गरम करायचं वाफेचं कपाट गेलं. पत्रासोबत तिचा शेवटचा अहवाल जोडायचा तेवढा राहिला होता. म्हणून तर आज तिने पहिल्यांदाच तिन्ही मजल्यांचा खुर्चीवार नकाशा काढला होता, शोभेसाठी, शेवटच्या पानावर लावायला.

गंमत म्हणजे मजला भरलेला आहे हे तिला दिसत होतंच. कान होते, नाक होतं. सकाळी नऊला लिफ्टचं दार उघडलं की आवाजाचा लोंढा अंगावर यायचा. बारा वाजता वाफेच्या कपाटापुढे रांग लागायची आणि चाळीस डब्यांचे चाळीस वास एकमेकांत मिसळायचे. पण तिने स्वतःला शिकवून ठेवलं होतं की डोळ्यांवर जायचं नाही. आपण जिथे बसतो तिथे आपल्याला गर्दी वाटतेच, हा मनाचा खेळ. आकडा बावीस म्हणतो म्हणजे बावीस. तरुणपणी याच शिस्तीवर तिने नाव कमावलं होतं. गोदामाचा म्हातारा प्रमुख छातीवर हात मारून सांगायचा की माल भरपूर आहे, आणि ती शांतपणे त्याला दाखवायची की नाही. तेव्हापासून ती लोकांच्या छातीवर हात मारण्याला हसत आली होती आणि हळूहळू स्वतःच्याही. नवरा घरी चिडवायचा, "तुला भूक लागलीय की नाही हेही तू घड्याळाला विचारतेस." विचारायची खरं. बारा वाजले नसतील तर ती भूक धरायचीच नाही. आता मात्र तिला उगाच आई आठवली, शिन्पू गावातल्या घराच्या अंगणात वेताच्या मोठ्या परड्यांपुढे बसलेली, वाळत घातलेली पर्सिमन, ती केशरी गोड फळं, एकेक उचलून अंगठ्याने दाबणारी. नऊ-दहा वर्षांची सू-च्यिन वहीत लिहायची: पहिली परडी, सहावा दिवस, दुसरी परडी, पाचवा दिवस. आई वही बघायचीसुद्धा नाही. ही झाली, ही नाही, ही झाली. "अगं, पण हिचा सहावाच दिवस आहे," सू-च्यिन म्हणायची. आई म्हणायची, "तिला ठाऊक नसेल." त्या वेळी तिला आईची कीव आली होती, इतकी माया करणारी बाई आणि वही वाचता येत नाही म्हणून. आता सत्तावीस नंबरवर बसून तिला स्वतःची कीव यायला लागली, आणि ती काही फार वाईट लागत नव्हती, आंबटगोड लागत होती.

तिने खुर्ची मागे सारली आणि सरळ टेबलाखाली शिरली. गुडघे कुरकुरले. खाली वेगळंच जग होतं, वायरी, हरवलेली एक क्लिप, फूचे मोजे. आणि डबीच्या तोंडावर, चिकटपट्टीने चारी बाजूंनी नीट चिकटवलेलं, मक्याच्या कुरकुरीत वेटोळ्यांचं एक हिरवं पाकीट. पाकीट तिने ओळखलं. चिकटपट्टीही ओळखली, कारण चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवायची सवय ऑफिसात एकाच बाईला होती, पुढच्या वेळी काढायला सोपं जातं म्हणून.

सगळं डोक्यात एकदम परत आलं आणि ती तिथेच, ओणवी, कपाळ टेबलाच्या पायाला टेकवून थांबली. योजना सुरू झाली तो महिना चंद्राचा सातवा. मेलेली माणसं मोकळी सुटून हिंडतात त्या महिन्यात कुणी घर बदलत नाही, लग्न करत नाही, नवा फ्रीजसुद्धा आणत नाही. पण तारीख योजनेसाठी नेमलेल्या सल्लागाराने ठरवली होती आणि तो बिचारा कॅनडात वाढलेला. मोजणीआधीच्या चाचणीच्या आठवड्यात डब्यांनी नोंद केली की पहाटे सहाला चौथ्या मजल्यावर सात जण बसलेले आहेत. दुसऱ्या दिवशी नऊ. मजला चौथा, म्हणजे उच्चाराने मरणाशी जुळणारा अशुभ आकडा, त्यात सातवा महिना. दिव्यांच्या खोलीतल्या बायकांनी एकटीने वर यायला साफ नकार दिला. पूर्वेच्या खिडक्यांतून आलेल्या उन्हाने खुर्च्यांच्या पाठी तापतात, बाकी काही नाही, हे सू-च्यिनला दोन दिवसांत कळलं होतं. तिने सांगितलंही. सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणी वर आलं नाही. मग इमारतीच्या दारात भुतांसाठी मांडलेल्या नैवेद्याच्या टेबलावरून हिरव्या पाकिटांचं एक खोकं उरलं. हिरवं पाकीट यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे तर बँकेपासून इस्पितळापर्यंत सगळ्यांना ठाऊक. तिचा विश्वास नव्हता. लोकांचा होता, आणि लोक कामावर यायला हवे होते. डबी टेबलाखाली उलटी लटकलेली, वर ठेवणार कशी? म्हणून तिने समोरून चिकटवलं. खोक्यात एकतीस पाकिटं होती. त्या दिवसापासून पहाटेची माणसं गायब झाली, मजल्यावर आनंदीआनंद झाला, आणि सू-च्यिनने मोजणीच्या पहिल्या अहवालात स्वतःच्या हाताने लिहिलं: "चौथ्या मजल्यावरील नोंदींची अचूकता लक्षणीय सुधारली आहे."

"ताई, काय हरवलं?" वरून आवाज आला. बूट दिसले, कॉम्प्युटर खात्याच्या च्वोचे, एकाला निळी नाडी आणि एकाला काळी.

"अक्कल," ती खालून म्हणाली. "खाली ये जरा."

च्वो पोट सावरत वाकला. त्याने पाकीट पाहिलं, डबी पाहिली, तिच्याकडे पाहिलं. मग बोटाने पाकिटाचा कोपरा उचकटून आतली चंदेरी बाजू तिला दाखवली. "ऊब इथूनच माघारी फिरते. डबी बिचारी तीन महिने ह्या पत्र्याकडे बघत बसलीय." तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचं डोकं टेबलाला आपटलं. "मीही सर्व्हरवर पाकीट ठेवतो, ताई. पण डोक्यावर ठेवतो. डोळ्यांवर नाही बांधत."

"हसून घे. शुक्रवारी मजला जातोय."

"जातोय कसला? तुम्ही नुसती नोंद दुरुस्त करा ना. ह्या एकतीस खुर्च्या वगळायच्या, राहिलेल्या सतरांची सरासरी घ्यायची, बासष्ट वगैरे येईल. 'तांत्रिक अडचण' म्हणा. साहेब विचारणारही नाहीत, तुमचा आकडा आहे म्हटल्यावर."

"आणि पाकिटं?"

"कसली पाकिटं?" च्वो म्हणाला आणि पाकीट खिशात घालायला लागला. तिने ते काढून घेतलं.

खरोखर बासष्टच आलं. तिने बसल्या बसल्या काढलं आणि तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना. साडेबारा वाजले. रोजच्यासारखे दिवे मालवले गेले, पडदे ओढले गेले, आणि वाळवलेल्या मुळ्याच्या ऑम्लेटचा, मुरलेल्या मांसाचा वास हवेत तरंगत असताना मजला झोपी गेला. कुणी टेबलावर उशी ठेवून तोंड त्यात खुपसलं, कुणी डोळ्यांवर जाकीट ओढलं, फूने खुर्ची मागे रेलून तोंड उघडं टाकलं. सू-च्यिनही रोज हातांवर डोकं ठेवायची, पण झोप कधी लागली नव्हती. गावच्या शाळेत दुपारच्या झोपेच्या वेळी कोण जागं आहे त्यांची नावं लिहिण्याचं काम तिच्याकडे होतं. सेहेचाळीस मुलं बाकांवर डोकी टेकून पडायची आणि सत्तेचाळिसावी ताठ बसून त्यांच्या पापण्या मोजायची. एकदा बाईंनी विचारलं, वर्गात आज किती? तिने ठणठणीत आवाजात सेहेचाळीस सांगितलं. बाईंनी दोनदा मोजायला लावलं, दोन्ही वेळा सेहेचाळीस, आणि वर्ग हसून लोटपोट झाला तरी तिला कळेना की राहिलं कोण. हे सगळं किती हास्यास्पद आणि किती तिचंच होतं. ती अंधारात उठली, बूट काढले, आणि मोज्यांवर रांगांमधून चालायला लागली. वही घेतली नाही. तिने नुसतं पाहिलं. दिव्यांच्या खोलीतली थोरली बाई झोपेत ओठ हलवत होती. निर्यातीच्या नव्या मुलीने उशीवर मांजराचं तोंड रंगवून आणलं होतं आणि झोपेत ते मांजर चेपटं झालं होतं. कुणाचं तरी पोट गुरगुरत होतं. अंगांची ऊब तिला गालांना लागत होती, काहीही मध्ये न येता. न मोजायचं ठरवूनही बेचाळीस भरलं, आणि ह्या खेपेला ती स्वतःला विसरली नाही, त्रेचाळीस. तिला एवढा आनंद झाला की तिने तोंडावर हात धरला. ह्या त्रेचाळिसांतली बहुतेक माणसं आपल्या चिकटपट्टीखाली झाकली गेली होती हे तिला साहेबांना सांगायचं होतं, आणि बासष्ट ह्या आकड्यात ते कुठेच येत नव्हतं. दिवे लागायची तिने वाट पाहिली नाही. पाकीट उचललं, नकाशा छापून घेतला, बूट घातले आणि जिन्याने वर गेली.

सहाव्या मजल्यावर वेन साहेब आज पूर्वेच्या खिडकीशी बसले होते. काल पश्चिमेला होते. केबिन पाडल्यापासून ते रोज जागा बदलायचे, नियम आपणच पाळला नाही तर कोण पाळणार म्हणून. बासष्ट वर्षांचा उंच, वाकलेला माणूस, चष्मा कपाळावर चढवून डब्यातला भात खात होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"पेंगबाई? झोपेच्या वेळी?" ते म्हणाले. "पत्राला काही हवंय का?"

"साहेब, पत्र पाठवू नका." एवढं म्हणून तिने पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं: सातवा महिना, पहाटेची माणसं, खोकं, चिकटपट्टी, अचूकता लक्षणीय सुधारली ते वाक्यसुद्धा. ते वाक्य सांगताना तिचे कान तापले. "चूक डब्यांची नाही, माझी आहे. चौथा मजला भरलेला आहे. आत्ता बेचाळीस जण झोपलेत आणि त्रेचाळिसावी मी. मी बघून आलेय."

"बघून?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "तुम्ही?"

"हो. डोळ्यांनी."

साहेबांनी पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं, तारीख वाचली. "मुदतही संपलीय की. संपलेलं ठेवलं तर यंत्र आणखी बिघडतं, एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?" ते मोठ्याने हसले, इतके की पलीकडे उशीत तोंड खुपसलेल्या एकाने मान वर केली. मग पत्र पुढे ओढून त्यांनी त्याची मधोमध घडी घातली आणि खणात टाकलं. "करार राहू दे. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. पाकिटं काढा आणि पुन्हा मोजा. आणि मोजणार तुम्हीच. ही चूक तुम्ही आता परत करणार नाही, नवा माणूस करील." ती आभार मानणार तेवढ्यात साहेबांचा हात नकाशावर पडला. ते सहाव्या मजल्यावर वाकले होते. "हे काय आहे? हे असे फिकट ठिपके. इथे एक, इथे एक, सगळीकडे."

सू-च्यिनला ते ठिपके ठाऊक होते. सहाव्या मजल्याच्या रोजच्या नोंदी चाळताना पाचव्या आठवड्यातच दिसले होते आणि तिने कुठल्याच अहवालात घातले नव्हते. "दिवसागणिक वेगळे काढले तर तो एकच ठिपका आहे, साहेब," ती म्हणाली. "रोज जागा बदलतो. मधे एक लाल खुर्ची, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या पांढऱ्या."

भाताचा डबा साहेबांनी हलकेच बंद केला. "मधली लाल म्हणजे मी."

"हो."

"मला वाटलं होतं, केबिन पाडली की लोक येतील." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि नकाशाकडेच पाहत म्हणाले, "एकदाही कुणी नाही? अकरा आठवड्यांत?"

तिला त्यांची फार दया आली, आणि घाईघाईने काहीतरी बरं वाटेल असं सांगावं असंही वाटलं, लोक मान राखतात, लोक बुजतात. आकड्यांवरून तीही हेच समजून बसली होती. मग तिने मान उचलली आणि त्यांच्या आजूबाजूला पाहिलं, जसं ती आत्ताच खाली पाहून आली होती. डाव्या हाताच्या खुर्चीवर त्यांचा कोट नीट घडी करून ठेवलेला होता. उजव्या हाताच्या खुर्चीवर त्यांची तपकिरी चामडी बॅग होती, भरलेली, बसलेल्या माणसासारखी ताठ. कोटाला ऊब नसते, बॅगेलाही नसते. डब्यांना ती कुठून दिसणार. केबिनमध्ये तीस वर्षं बॅगेला स्वतःची खुर्ची होती.

"साहेब," ती म्हणाली, "ती बॅग."

"बॅगेचं काय?"

"रोज शेजारी ठेवता का?"

"मग कुठे ठेवणार? खुर्ची रिकामीच तर असते," साहेब म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. ते बॅगेकडे पाहत राहिले, मग कोटाकडे, मग परत बॅगेकडे. त्यांच्या मानेवर हळूहळू लाली चढली.

"खाली ठेवलीत तर मी बसेन," सू-च्यिन म्हणाली. "पाय दुखायला लागलेत."

वेन साहेबांनी दोन्ही हातांनी बॅग उचलली, तिला जागा कुठे द्यावी हे न कळून क्षणभर मांडीवर धरली, आणि मग टेबलाखाली सरकवली. सू-च्यिनने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली.